चोरी घरात, चूक कार्यालयात: अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे लॅपटॉप प्रकरण, २००६

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनच्या उत्तरेला अ‍ॅस्पेन हिल नावाची वस्ती आहे. ३ मे २००६ रोजी तिथल्या एका घरात भुरटी घरफोडी झाली. चोरांनी एक एचपी लॅपटॉप आणि त्याला जोडायची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क उचलली. दोन्ही मिळून बाजारात फारसे पैसे आले नसते. घर मात्र अमेरिकी सरकारच्या माजी सैनिक विभागात, म्हणजे ‘व्हीए’मध्ये, काम करणाऱ्या एका डेटा विश्लेषकाचे होते, आणि त्या हार्ड डिस्कवर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांच्या नोंदी होत्या. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक). काहींच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारीसुद्धा. त्यातले काहीही एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेले, नव्हते.

१९७५ नंतर सैन्यातून निवृत्त झालेल्या जवळपास प्रत्येकाची माहिती त्यात होती. सुरुवातीला विभागाने सांगितले की हे सगळे माजी सैनिक आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात कळले की सध्या सेवेत असलेले सुमारे ११ लाख सैनिक, नॅशनल गार्डचे ४ लाख ३० हजार आणि राखीव दलाचे ६ लाख ४५ हजार जवानही त्यात असू शकतात. त्या वेळी इराक आणि अफगाणिस्तान, दोन्हीकडे युद्ध चालू होते. आपल्याच सैन्याची यादी कुठल्या तरी चोराच्या पोत्यात आहे, आणि ती नेमकी केवढी आहे हे विभागालाही महिनाभर सांगता येत नव्हते.

हे प्रकरण वीस वर्षे जुने आहे. तरीही लॅपटॉप सांभाळण्याबद्दल कुणाला काही समजावून द्यायचे असेल तर मी अजून हेच निवडतो. त्यात चोर हुशार नव्हते, हॅकर नव्हते, कट नव्हता. रोज कुठे ना कुठे होते तशीच चोरी होती. मोठे होते ते नुकसान, आणि ते मोठे होण्याची तयारी चोरीच्या तीन वर्षे आधीपासून चालू होती.

डेटा घरी का होता?

हा विश्लेषक २००३ पासून डेटा घरी नेत होता. विभागाच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या महानिरीक्षकांनी जुलै २००६ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले आहे की तो स्वतःच्या कुतूहलापोटी एका अभ्यासावर काम करत होता. २००१ च्या एका सर्वेक्षणात माजी सैनिकांनी दिलेली माहिती विभागाच्या इतर नोंदींशी किती जुळते, हे त्याला पाहायचे होते. कुणी सांगितलेले काम नव्हे. प्रामाणिक, थोडा हौशी उद्योग.

तुलना करायची होती काही हजार लोकांची आणि फाइल नेली कोट्यवधींची. कारण साधे आहे. हवे तेवढे निवडून घ्यायला कष्ट पडतात, सगळे उचलून न्यायला पडत नाहीत. कुठल्याही कार्यालयात बघा, ‘पूर्ण एक्सेलच पाठव, मी इकडे फिल्टर करतो’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येते. त्या वाक्यातच चोरीच्या दिवशी होणारे नुकसान ठरून जाते. चोर कुठला लॅपटॉप उचलेल हे आपल्या हातात नसते. त्यात किती माणसांची माहिती असेल हे असते.

परवानगीचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा निघाला. विभागाने आधी जाहीर केले की कर्मचाऱ्याने नियम मोडून डेटा घरी नेला, आणि त्याला नोकरीवरून काढण्याची कारवाई सुरू केली. मग जूनच्या अखेरीस काही कागदपत्रे बाहेर आली. घरून काम करण्याची आणि मोठ्या डेटावर काम करणारे सॉफ्टवेअर घरी वापरण्याची परवानगी त्याला मिळालेली होती, असे त्यांतून दिसत होते. महानिरीक्षकांचे म्हणणे असे की इतका डेटा घरी ठेवण्याची कामासाठी गरज नव्हती, आणि त्याच वेळी विभागाचे नियम इतके विखुरलेले आणि मोघम होते की नेमका कोणता नियम मोडला हे सांगणे कठीण होते. मला या प्रकरणातली ही सगळ्यात ओळखीची जागा वाटते. सॉफ्टवेअर वापरायला सही मिळते, लॅपटॉप न्यायला गेटपास मिळतो. त्यावर कोणती माहिती चढवायची हे कोणत्याच कागदावर नसते. गडबड झाली की मग तीच सही कर्मचाऱ्याच्या अंगावर येते.

तेरा दिवस

चोरी झाली त्याच दिवशी विश्लेषकाने पोलिसांना कळवले आणि कार्यालयालाही कळवले. काय गेले असू शकते हेही त्याने लपवले नाही. या पूर्ण प्रकरणात वेळेवर हललेला माणूस बहुधा तोच एक.

त्यानंतर बातमी वरच्या पायऱ्या चढू लागली. विभागाच्या धोरण शाखेत चर्चा झाल्या, टिपणे लिहिली गेली. महानिरीक्षकांच्या कार्यालयाला ही गोष्ट कळली १० मे रोजी, आणि तीही कुणी रीतसर कळवली म्हणून नव्हे. एका नेहमीच्या बैठकीत सहज उल्लेख झाला म्हणून. विभागाचे प्रमुख, मंत्री जिम निकल्सन, यांना समजले १६ मे रोजी. एफबीआय त्यानंतर आली. ज्यांची माहिती गेली त्या लोकांना कळले २२ मे रोजी, म्हणजे चोरीनंतर एकोणीस दिवसांनी.

वरिष्ठांनी हे मुद्दाम दाबले असे अहवाल म्हणत नाही. त्यांना तातडी वाटली नाही, असे म्हणतो. आणि मला ते पटते, कारण सरकारी दप्तरात ‘लॅपटॉप हरवला’ ही घटना मालमत्तेच्या रजिस्टरात जाते. वस्तूची किंमत लिहायची, जबाबदार व्यक्ती लिहायची, वसुली करायची का निर्लेखित करायचे ते ठरवायचे. त्या रजिस्टरात ‘यावर काय होते’ असा रकानाच नसतो. आपल्याकडच्या कार्यालयांत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पहिले काही दिवस पोलिसांच्या दृष्टीनेही ही घरफोडीच होती. घरफोडीतला माल दोन-चार दिवसांत विकला जातो. म्हणजे जे दिवस सगळ्यात महत्त्वाचे होते ते टिपणे लिहिण्यात गेले. त्यानंतर मे महिन्याच्या अखेरीस ५०,००० डॉलरचे बक्षीस लागले, लॅपटॉपचा आणि डिस्कचा मेक आणि मॉडेल छापून पत्रके वाटली गेली.

चोराला काय काय करता आले असते

इथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल, कारण बहुतेकांचा समज इथेच चुकतो.

विंडोजचा लॉगिन पासवर्ड हा गोदरेजच्या कपाटाच्या दारावरच्या कुलपासारखा आहे, आणि कपाटाचा मागचा पत्रा चार स्क्रूंवर बसवलेला आहे. चोर दारापाशी झगडत बसत नाही. तो डिस्क काढतो, दुसऱ्या संगणकाला जोडतो, आणि फाइली समोर दिसतात. पासवर्ड विचारणारे विंडोज त्या वेळी चालूच नसते. आजही एन्क्रिप्शन बंद असलेल्या लॅपटॉपची हीच स्थिती आहे. दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या मशिनमधून ‘डेटा काढून देतात’ तो याच मार्गाने.

व्हीएच्या बाबतीत तर तेवढेही कष्ट नव्हते. डेटा एक्स्टर्नल डिस्कवर होता, आणि अशा डिस्कला सहसा स्वतःचा पासवर्ड नसतो. यूएसबी केबल लावली की झाले. मोठ्या डेटाच्या फाइली सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या स्वरूपात असल्यामुळे सामान्य माणसाला त्या डबल-क्लिक करून वाचता आल्या नसत्या, हा आधार तेव्हा अनेकांनी दिला. तो फार तर चोरापुरता खरा. चोराकडून विकत घेणाऱ्याला असे सॉफ्टवेअर मिळवणे अवघड नव्हते.

एन्क्रिप्शन तेव्हा उपलब्ध नव्हते, असेही नाही. मॅकवर फाइलव्हॉल्ट २००३ पासून होते. ट्रूक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर २००४ पासून होते. विंडोजचे बिटलॉकर मात्र विंडोज व्हिस्टाबरोबर, म्हणजे या चोरीनंतर काही महिन्यांनी, आले. त्याआधी कंपन्यांसाठी विकत मिळणारी उत्पादने होती, आणि व्हीएने नंतर घाईने घेतली ती अशीच. कॅलिफोर्नियात तर जुलै २००३ पासून कायदाच होता: माहिती एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि चोरीला गेली, तर संबंधितांना कळवले पाहिजे. म्हणजे २००६ मध्ये हा विचार नवा नव्हता, फक्त या विभागात पोहोचला नव्हता.

सोशल सिक्युरिटी नंबरबद्दल एक वाक्य. तो नऊ आकडी नंबर ओळख म्हणूनही वापरला जात होता आणि ओळख पटवण्याचा पुरावा म्हणूनही. क्रेडिट कार्डचा नंबर फुटला तर बँक नवे कार्ड देते. हा नंबर बदलून घेणे जवळपास अशक्य.

सापडला, आणि तरी

२८ जून रोजी एका माणसाने लॅपटॉप आणि डिस्क बाल्टिमोर इथे एफबीआयच्या हवाली केली. चोरी झालेल्या घराजवळच्याच व्हीटन भागात, मेट्रो स्टेशनच्या आसपास, ट्रकमधून चाललेल्या विक्रीत तो विकला गेला होता, असे समोर आले. दुसऱ्या दिवशी निकल्सन यांनी ते जाहीर केले. ऑगस्टमध्ये एकोणीस वर्षांच्या दोघांना अटक झाली. बातम्या येईपर्यंत आपण काय उचलले आहे याची त्यांना कल्पना नव्हती, असे पोलिसांनी सांगितले.

एफबीआयने तपासणी करून सांगितले की नोंदी उघडल्या गेल्या नाहीत, याची आम्हाला बरीच खात्री आहे. ‘बरीच’ हा शब्द इथे काळजीपूर्वक निवडलेला आहे. फाइल उघडली की त्या काळचे विंडोज तिच्यावर शेवटच्या वापराची वेळ नोंदवत असे. कोणती डिस्क कधी जोडली याचाही माग मशिनमध्ये राहतो. हे सगळे तपासून ‘या लॅपटॉपवर फाइल उघडलेली दिसत नाही’ असे म्हणता येते. पण कुणी डिस्क काढून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा उपकरणातून तिची हुबेहूब प्रत घेतली, तर मूळ डिस्कवर खूण राहत नाही. तपास करणारे पोलीसही पुरावा जपण्यासाठी तेच करतात. म्हणून दोन भुरट्या मुलांच्या बाबतीत ती खात्री पटण्यासारखी होती. चोर जरा सराईत असता तर तोच अहवाल, तीच वाक्ये, आणि भरवसा मात्र निम्मा.

एन्क्रिप्शनचा खरा फायदा मला इथे दिसतो. माहिती वाचवणे हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की चोरीनंतर तुम्हाला तर्क करत बसावे लागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट होती आणि किल्ली दुसरीकडे होती, एवढे सिद्ध झाले की प्रकरण मालमत्तेच्या रजिस्टरात परत जाते. अमेरिकेच्या २००९ च्या आरोग्य माहिती कायद्याने हेच मान्य केले: योग्य रीतीने एन्क्रिप्ट केलेली माहिती हरवली तर रुग्णांना कळवण्याची सक्ती नाही.

व्हीएला तो आधार नव्हता, त्यामुळे लॅपटॉप सापडूनही बिल आलेच. माजी सैनिकांच्या क्रेडिटवर वर्षभर लक्ष ठेवण्यासाठी, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरेच कुणी कर्ज काढत नाही ना हे पाहण्यासाठी, व्हाइट हाउसने १६ कोटी ५ लाख डॉलरची मागणी केली होती. लॅपटॉप सापडल्यावर ती मागे घेतली. पत्रे छापून पाठवण्याचा आणि कॉल सेंटरचा खर्च तोवर होऊन गेला होता. माजी सैनिकांच्या संघटनांनी खटले भरले होते. जानेवारी २००९ मध्ये सरकारने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ज्यांनी स्वतः पैसे भरून क्रेडिटवर लक्ष ठेवले किंवा मानसिक त्रासाची शारीरिक लक्षणे भोगली, त्यांना ७५ ते १,५०० डॉलर. एकाही नोंदीचा गैरवापर झाल्याचे दिसलेले नसताना.

नियम आले, आणि एक भोक राहिले

२३ जून २००६ रोजी, लॅपटॉप अजून बेपत्ता असतानाच, व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प आणि व्यवस्थापन कार्यालयाने सगळ्या खात्यांसाठी ‘एम-०६-१६’ हे टिपण काढले आणि ४५ दिवसांची मुदत दिली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवरचा आणि उपकरणावरचा डेटा एन्क्रिप्ट करा. बाहेरून जोडणी घेताना पासवर्डखेरीज वेगळे उपकरणही लागले पाहिजे. तीस मिनिटे हालचाल नसेल तर पुन्हा ओळख पटवायला लावा. आणि मोठ्या डेटाबेसमधून कुणी काय काढून घेतले याची नोंद ठेवा. नव्वद दिवसांत ते पुसले गेले, की अजून लागते आहे, हे तपासा.

पहिली तीन कलमे आज कुठल्याही कंपनीत दिसतात. चौथे मला सगळ्यात मोलाचे वाटते आणि तेच सगळ्यात कमी पाळले जाते. ते तंत्रज्ञानाने होत नाही. त्यासाठी कुणीतरी नव्वद दिवसांनी फोन करून ‘ती फाइल पुसलीस का?’ विचारावे लागते, आणि तो फोन करणे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. अ‍ॅस्पेन हिलच्या घरात तीन वर्षे जमलेला डेटा या एका प्रश्नाने निघून गेला असता.

१२ जुलैला आणखी एक आदेश निघाला: व्यक्तिगत माहितीशी संबंधित घटना कळल्यापासून एका तासात कळवा.

व्हीएने ऑगस्टमध्ये एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरचे कंत्राट दिले आणि आधी लॅपटॉप हाती घेतले, कारण लॅपटॉपच गाजला होता. मग २२ जानेवारी २००७ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या व्हीए रुग्णालय केंद्रातून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क गायब झाली. तिच्यावर सुमारे ५ लाख ३५ हजार माजी सैनिकांची आणि १३ लाख डॉक्टरांची माहिती होती. आधीच्या प्रकरणातही डेटा लॅपटॉपवर नव्हता, डिस्कवर होता. मथळ्यांत ‘लॅपटॉप’ राहिला आणि उपायही मथळ्यालाच झाला.

आपल्या टेबलावर

पुण्या-मुंबईत कंपनीचा लॅपटॉप घेऊन घरून काम करणारे लाखो लोक आहेत आणि त्या विश्लेषकात आणि त्यांच्यात तत्त्वतः फरक नाही. कायदा मात्र आता घट्ट होतो आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती राखण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. माहिती एन्क्रिप्ट केलेली होती म्हणून कळवण्यातून सूट, असे कलम आपल्या कायद्यात नाही, हे मला खटकते. सूट असती तर लहान कंपन्यांनीही आपणहून एन्क्रिप्शन केले असते.

स्वतःच्या मशिनपुरते पाहायचे तर पाच मिनिटांचे काम आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर चालू आहे का ते बघा. अनेक नव्या मशिनवर ते आपोआप चालू असते. मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की, म्हणजे अडल्या वेळी डिस्क उघडणारा लांब क्रमांक, कागदावर उतरवून घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. एक्स्टर्नल डिस्क आणि पेनड्राइव्ह यात आपोआप येत नाहीत. विंडोज होममध्ये त्यासाठी व्हेराक्रिप्टसारखे फुकट सॉफ्टवेअर वापरावे लागते. प्रवासात निघताना नुसते झाकण लावू नका, मशिन पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत राहते, आणि ती तिथून काढता येते हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवले आहे. टेबलावरून उठताना विंडोज की आणि एल. चोरापेक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी.

केबलचे कुलूप ग्रंथालयात, प्रदर्शनात, हॉस्टेलवर उपयोगी आहे. चालता चालता उचलणाऱ्याला ते थांबवते, कटर घेऊन आलेल्याला नाही. मोबाइल हरवल्यावर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर बंद करता येतो, पण ती सोय फोनच्या आयएमईआय क्रमांकावर चालते, लॅपटॉपला लागू नाही. म्हणून बिल आणि सीरियल नंबरचा फोटो वेगळ्या ठिकाणी ठेवलेला बरा. एफआयआरमध्ये ‘काळ्या रंगाचा लॅपटॉप’ एवढेच लिहिले गेले तर सापडलेला माल तुमचा हे पटवणे अवघड जाते. चोरीचा लॅपटॉप जाणूनबुजून घेणाऱ्यालाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ब कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सेकंडहँड घेताना म्हणूनच मूळ बिल मागावे.

मशिन कंपनीचे असेल तर ठाण्यात जायच्या आधी आयटी डेस्कला फोन करा. ते तुमची चालू लॉगिन सत्रे बंद करतात, पासवर्ड बदलतात, आणि मशिन इंटरनेटला लागले की पुसण्याचा आदेश पाठवून ठेवतात. त्या फोनवर ते एक प्रश्न हमखास विचारतील: ‘त्यावर नेमके काय होते?’ उत्तर माहीत नसेल तर तसेच सांगा, आणि डाउनलोड्स फोल्डरमध्ये शेवटी काय काय उतरवले होते ते आठवायला बसा.